जुन्या जपानी जाहिराती बघून इतकं हळवं का व्हायचं?

खवचट_खारूताई (धागाकर्ती)

यूट्यूबवर जुन्या जपानी जाहिरातींच्या तासतासभर चालणाऱ्या चित्रफिती आहेत. कुणीतरी 80 च्या दशकात घरी व्हीएचएसवर मालिका टेप केली, तिच्यामध्ये आलेल्या जाहिराती आता मालिकेपेक्षा जास्त बघितल्या जातात. खाली एकच सूर: तेव्हा किती छान होतं, माणसं किती साधी होती. ज्यांनी जपानात पाऊल ठेवलेलं नाही, ज्यांना त्या भाषेचं ओ की ठो कळत नाही, तेही उसासे टाकतात. आपले मराठी लोकही यात आले.

माझं म्हणणं असं की त्या जाहिरातींमधलं जपान कधीच नव्हतं. 1975 सालची हाऊस फूड्सच्या 'शानमेन' नूडल्सची जाहिरात घ्या. बाई म्हणते, 'मी करणारी', पुरुष म्हणतो, 'मी खाणारा'. ते संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. महिला संघटनेने जाब विचारला आणि काही आठवड्यांत जाहिरात बंद झाली. किंवा 'रिगेन' हे टॉनिक. सुटाबुटातला साबुरो तोकितो हातात बॅग घेऊन जगभर धावतोय आणि गाणं विचारतंय, 'चोवीस तास लढू शकाल का?' 1989 मध्ये हे वाक्य देशभर तोंडी होतं. त्याच्या आदल्याच वर्षी वकिलांनी 'कारोशी'साठी, म्हणजे अतिकामाने येणाऱ्या मृत्यूंसाठी, फोनवर सल्ला द्यायला सुरुवात केली होती. आणि आपण खाली बदामाची चित्रं टाकतोय.

सिंहगड_एक्सप्रेस

खारूताई, दोन नासके आंबे दाखवून पेटी फेकायला सांगताय.

जेआर तोकाई या रेल्वे कंपनीची 1989 ची 'ख्रिसमस एक्सप्रेस' ही जाहिरात बघा. स्टेशनात गर्दी. मुलगी (रिहो माकिसे) भेटवस्तू छातीशी धरून पळत येते, कुणाला तरी धडकते, माफी मागते, परत पळते. गेटातून तो येताना दिसतो आणि ती त्याच्यासमोर जायच्या ऐवजी खांबाआड लपते, दम खात, हसू दाबत. संपलं. गाडी किती वेगाने जाते, तिकीट कितीला, एक अक्षर नाही. आपल्याकडे एवढ्या वेळात तीन वेळा फोन नंबर वाचून झाला असता.

गाणं तात्सुरो यामाशिताचं, 1983 चं. गंमत म्हणजे गाण्यातली व्यक्ती येतच नाही, वाट बघणारा एकटाच राहतो. जाहिरातीत मात्र तो येतो. हे गाणं 1989 च्या डिसेंबरमध्ये, सहा वर्षांनी, लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. याला नुसता धंदा म्हणून झटकून टाकता येत नाही.

काटेकोर_काका

धाग्याचा विषय 'शोवा' (सम्राट हिरोहितोंच्या राजवटीचा काळ) म्हणून कुणी भलतीकडे नेण्याआधी: सम्राट हिरोहितो 7 जानेवारी 1989 ला गेले, तिथे शोवा संपलं. वरच्या दोन्ही 1989 च्या गोष्टी पुढच्या सम्राटाच्या, म्हणजे हेईसेइ काळातल्या.

त्यावरून आठवलं. 1988 च्या शरदात सम्राट आजारी होते तेव्हा निसान सेफिरोची जाहिरात चालू होती. गायक योसुई इनोउए गाडीच्या खिडकीतून बघत म्हणतो, 'सगळे बरे आहात ना?' अशा वेळी हे विचारणं बरं दिसत नाही म्हणून आवाज काढून टाकला. चित्र तेच, ओठ हलताहेत, शब्द ऐकू येत नाहीत. त्या काळाचा दबाव समजायला मला तरी हे पुरेसं वाटतं. त्यामुळे खारूताईंना अर्धं अनुमोदन.

आज्जी_मोड_ऑन

तोतो कंपनीचं वॉशलेट, म्हणजे पाण्याने धुणारी संडासाची सीट, कशी विसरलात! 1982. जुन तोगावा हाताला रंग फासते, कागदाने पुसते, रंग निघत नाही. मग म्हणते, 'पार्श्वभागालाही वाटतं, मला धुवावं.' वेळ संध्याकाळची, लोक जेवायला बसलेले. कंपनीला तक्रारींचे फोनच फोन. आपल्या घरी तांब्या असताना ही अक्कल टीव्हीवरून शिकवावी लागते हे बघून मला फार बरं वाटलं. :)

कलाबिला राहू दे, मी हसायला बघते. किनचोची 1986 ची कपड्यांतल्या किडीच्या औषधाची जाहिरातसुद्धा: 'नवरा धडधाकट असावा आणि घराबाहेर असावा.' लाखातलं वाक्य.

खवचट_खारूताई

@सिंहगड, त्या मुलीला स्टेशनात पळावं का लागतं हे विचारा की. 1987 मध्ये रेल्वेचं खासगीकरण झालं, तुकडे पडले. जेआर तोकाईच्या वाट्याला तोक्यो-ओसाका शिनकानसेन (बुलेट ट्रेन) ही दुभती गाय आली आणि त्याच साली त्यांनी 'सिंड्रेला एक्सप्रेस' काढली: रविवारी रात्री शेवटच्या गाडीला निरोप देणारी जोडपी. तो ओसाकात, ती तोक्योत, कारण कंपनीने बदली केली. म्हणजे रिगेन पिऊन चोवीस तास लढणारा आणि खांबाआडची वाट बघणारी ही एकाच घरातली दोघं आहेत. एकाला टॉनिक विकलं, दुसरीला तिकीट. 'ख्रिसमस एक्सप्रेस'च्याच महिन्यात, 29 डिसेंबर 1989 ला, निक्केई हा तिथला शेअर निर्देशांक 38,915 वर बंद झाला. पुढे बाजार कसा कोसळला ते सगळ्यांना माहीत आहे.

@आज्जी, तुमचं किनचोचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. नवरा घराबाहेरच होता हो, ऑफिसात.

निशिकासाईकर

तोक्योतून लिहितोय. ऑफिसमधल्या पन्नाशीपुढच्या लोकांसमोर रिगेनची चाल नुसती गुणगुणली तरी ते पुढची ओळ म्हणतात. पण म्हणतात ते हसत, स्वतःवरच. त्यात 'काय दिवस होते' कमी आणि 'काय येडे होतो' जास्त असतं. बाहेरच्यांचा हळवेपणा आणि इथल्यांचा हळवेपणा एकाच मापाने मोजू नका.

शिवाय जाहिराती एकसुरी नव्हत्या. 1969 मध्ये मारुझेन पेट्रोलच्या जाहिरातीत रोझा ओगावाचा स्कर्ट वाऱ्याने उडतो आणि ती ओरडते, 'ओ, मोरेत्सु!' वेगाचा, जोराचा जयजयकार. पुढच्याच वर्षी फुजी झेरॉक्सने एक लांब केसांचा तरुण तोक्योतल्या गिंझाच्या रस्त्यावर हातात 'ब्यूटिफुल' लिहिलेला कागद देऊन चालवला आणि म्हटलं, आता मोरेत्सु पुरे, ब्यूटिफुलकडे या. झेरॉक्सची यंत्रं विकायलाच, मान्य. पण अतिकामावरची टीका टीव्हीवर 1970 लाच आली होती. एकोणीस वर्षांनी रिगेन लोकांना पुन्हा पळवतो हे जास्त चक्रावणारं आहे.

हिताचीचं झाडही बघा. 'हे झाड कसलं झाड' हे गाणं 1973 पासून चालू आहे. झाड हवाईतल्या मोआनालुआ बागेतलं, आणि कसलं म्हणाल तर आपला रेन ट्री! पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सावली धरतो तोच. गाण्यात बिचाऱ्यांना पन्नास वर्षं पत्ता लागला नाही.

सिंहगड_एक्सप्रेस

खारूताई, तुमचा युक्तिवाद मान्य केला तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची प्रेमंही मिल मालकांच्या खात्यात टाकावी लागतील. बदली कंपनीने केली असेल, लपणं तिचं स्वतःचं आहे.

दुसरं उदाहरण घ्या. क्यूशू शिनकानसेनचा पूर्ण मार्ग 12 मार्च 2011 ला सुरू व्हायचा होता. फेब्रुवारीत कागोशिमाहून हाकाताला एक खास गाडी सोडली, खिडकीतून चित्रण केलं आणि लोकांना आवाहन केलं: हात हलवायला या. हजारो आले. शेतात, गच्चीवर, पुलावर, कुणी लग्नाच्या कपड्यात, कुणी सोंगं घेऊन. 11 मार्चला भूकंप आणि त्सुनामी. उद्घाटनाचे सोहळे रद्द, जाहिरात थांबली. टीव्हीवर मग फक्त एसी जपानचे समाजहिताचे संदेश, तेच ते, लोक वैतागेपर्यंत. ही क्यूशूची फीत लोकांनी नंतर नेटवर शोधून बघितली आणि रडले. ते रडणं खोटं होतं असं म्हणायचं आहे का?

काटेकोर_काका

2011 ची जाहिरात 'जुनी' कधीपासून झाली?

खवचट_खारूताई

काका, वय झालं आपलं. :)

@सिंहगड, बघितली, पूर्ण तीन मिनिटांची. चांगली आहे. तिकीट विकायलाच काढली होती.

सिंहगड_एक्सप्रेस

हो. पण हात हलवायला आलेल्यांना कुणी पैसे दिले नव्हते.

खवचट_खारूताई

म्हणजे एक्स्ट्राही फुकटात मिळाले.