उन्हाळा विदर्भात पहिल्यापासूनच आहे, मग तापमानवाढीचं काय घेऊन बसलात?

पऱ्हाटी_वर्धा
काल पारावर मी म्हटलं, हवामान बदललंय, तापमानवाढ खरी आहे. एक काका म्हणाले, "विदर्भात नाही तापणार तर काय महाबळेश्वरात तापेल?" सगळे हसले, माझा मुद्दा तिथंच बुडाला. म्हणून इथं मांडतो.

मी मे महिन्याच्या दुपारबद्दल बोलतच नव्हतो. दुपार आधीही भाजायचीच. मला खटकते ती रात्र. लहानपणी अंगणात खाट टाकली की पहाटे चादर ओढावी लागायची. आता गच्चीवर पाणी मारूनही पाठ टेकवत नाही. आणि पाऊस? मृगात पेरलं की वीस-वीस दिवस खंड, दुबार पेरणी, मग एका रात्रीत असा कोसळतो की नाल्याकाठचं वावर खरडून नेतो. सोयाबीन काढणीला आलं की पुन्हा हजर, शेंगेतच कोंब.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा, गच्ची सिमेंटची हाय म्हनून गरम होते. तुमच्या आज्याचं घर मातीचं होतं, वर कवेलू. आन् खंड का आताच पडून रायला? 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडानं भोगला, तवा कोनाकडं मोटरसायकल होती? नागपूरचा विक्रम 47.9 अंशाचा, 23 मे 2013 चा. 2024 मधी एका यंत्रानं 56 दाखवले, टीव्हीवाल्यायनं बोंबा मारल्या, मंग वेधशाळेनंच सांगतलं का सेन्सर बिघडला. अशा यंत्राच्या भरवशावर जग तापलं म्हनता?

सेवानिवृत्त_मास्तर
ठेचा भाऊ, बिघाड वेधशाळेनंच पकडला, हे तुमच्याच वाक्यात आलं.

सिमेंटचा मुद्दा मात्र रास्त आहे, शहरं उष्णता धरून ठेवतात. पण पृथ्वीवर जी जादा उष्णता साठतेय, तिच्यातली 90 टक्क्यांच्या आसपास समुद्रात जाते. तिथं कोणी गच्च्या बांधल्या? सूर्यच जास्त तापला म्हणाल, तर हवेचे सगळेच थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्थितांबर, थंड होतोय. उष्णता खालीच अडकली की असंच होणार. रात्रीचंही तसंच. रात्री सूर्य नसतो, जमीन दिवसभराची उष्णता वर सोडते, तीच अडवली जाते. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी रात्री दिवसांपेक्षा वेगानं तापल्या.

अडवणारा कोण? हवाईतल्या मौना लोआवर 1958 पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत 315 भाग होता, आता 420 च्या वर आहे. तो कोळसा-तेलाचाच, हेही कळतं. वणीच्या खाणीतला कोळसा इतका जुना की त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 केव्हाच संपलाय. असला कार्बन जाळत गेलं की हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण पातळ होतं, आणि ते तसं झालेलं मोजलंय.

पावसाचं म्हणाल, तर हवा एक अंश तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरते. ती उशिरा सोडते आणि एकदम सोडते. मध्य भारतात 1950 ते 2015 दरम्यान मोठ्या टापूवरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं संशोधन 2017 मध्ये आलं. 1899 ला पाऊस दडला, कबूल. ताप मलेरियानं येतो तसा डेंग्यूनंही येतो, मास्तरकीत एवढं तरी शिकवलं.

वऱ्हाडी_ठेचा
सरकारचाच अहवाल म्हनते का 1901 ते 2018 मधी भारत 0.7 अंशच तापला. जग त्याहून जास्त. आपल्याकडं कमी काहून मंग?

सेवानिवृत्त_मास्तर
प्रश्न चांगला आहे. आपल्याकडचा धूर-धूळ ऊन अडवतो, आणि उत्तरेतलं प्रचंड ओलीत जमीन थंड ठेवतं. आपल्या कोरडवाहूत ओलीतच किती?

संत्रा_वरूड
संत्र्याला मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलोरा, यावा म्हणून मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून ताण देतो. मधातच अवकाळी आला की ताण तुटला, बहार गेला. आंबियाची, म्हणजे हिवाळ्यातल्या बहाराची, फळं उन्हानं गळतात ते वेगळंच. बाकी समुद्राचं तुम्ही ठरवा.

चांदा_राखवाला
मास्तरांचं शास्त्र मान्य, पण हिशेब कोण देणार? चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं. वीज राज्यभर जाते, राख इथंच राहते. माणशी वर्षाला भारतीय दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन चौदाच्या आसपास. आणि धुऱ्यावर काडीकचरा पेटवू नको हे ज्ञान कोणाला? ज्याच्या वावरात मोटारीला लाईट रात्री येते त्याला.

पऱ्हाटी_वर्धा
राखवाले, हिशेब मागायचा तर आधी नुकसान झालंय हे तरी पारावर मान्य व्हायला पाहिजे ना. तिथंच गाडी अडली.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, रात्रीचं अर्धं कबूल. माही म्हैस मातीच्या गोठ्यात राह्यते, सिमेंट नाई, पत्रा नाई. गेल्या मे महिन्यात तरीबी रातभर धापा टाकत होती. दूध अर्ध्यावर आलं. समुद्र म्या पाह्यला नाई, तो तुमच्यापाशीच ठेवा.

पऱ्हाटी_वर्धा
काकांना उद्या म्हशीचंच सांगतो. मौना लोआपेक्षा लवकर पटेल.

वऱ्हाडी_ठेचा
सांग. पन म्हैस मायी हाय हे सांगू नको.