त्यांच्या भाषेत दोन शब्द: तुमचे अनुभव

कुणाशी त्याच्या भाषेत बोललात, किंवा नुसतं थांबून ऐकलंत, आणि त्यामुळे काही बदललं, असं घडलंय? इथे सांगा. छोटा प्रसंगही चालेल.

परळ
टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी बंगाल, बिहार, आसाममधून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने मुंबईत काढतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, काही फूटपाथवरच असतात. मी संध्याकाळी तिथे खिचडी वाटायला जाते. नदियाकडच्या एक आजी कुणाशीच बोलायच्या नाहीत. ताट घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. एकदा शेजारी बसून बंगालीत विचारलं, ‘दिदा, खेयेछेन?’ म्हणजे आजी, जेवलात का? त्यांनी माझा हातच धरला. कितीतरी वेळ बोलत होत्या. मला मोजकंच कळलं: घरामागचं तळं, नातीचं लग्न, आणि तोंडातल्या जखमा झोंबतात म्हणून खिचडी गिळवत नाही. म्हणजे इतके दिवस ताट तसंच राहत होतं! दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी बिनमिरचीची, पातळ खिचडी वेगळी काढायला लागलो.

पुणे
अंध विद्यार्थ्यांचा लेखनिक म्हणून जातो. त्यांना तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, तरी घाई बहुतेक वेळा लेखनिकालाच असते. एका मुलीने पेपरआधीच बजावलं, ‘दादा, प्रश्नाचे गुणही वाचा, किती लिहायचं ते त्यावर ठरतं. आणि मोठ्याने नका बोलू, मला ऐकू येतं.’ आता प्रत्येकाला आधी विचारतो, कसं वाचू?

चिखलदरा
पहिलीतली कोरकू मुलं गप्प बसतात, म्हणून त्यांना मठ्ठ ठरवणारे पाहुणे बघितलेत. फार लागतं ते. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीपासून अगदी वेगळी भाषा, घरी मराठी फारशी कानावर पडलेलीच नसते. मी मुलांना म्हटलं, तुम्ही मला शिकवा. माझे उच्चार सुधारायला वर्गातली सगळ्यात अबोल पोर उठून फळ्यापाशी आली.

निपाणी
आमच्याकडे हे रोजचंच, मराठी-कन्नड दोन्ही चालतं. आई भाजीवालीला आधी ‘ऊट आतेन्री?’ (जेवण झालं का?) विचारते, मग भाव.

ठाणे
परळच्या ताई, मलाही यायचंय. बंगाली येत नाही. अजून काय शिकून येऊ?

परळ
या नक्की! ‘कोथाय ब्यथा?’ म्हणजे कुठे दुखतंय, एवढं पुरे. औषधाचं काही विचारलं तर मात्र अंदाजाने सांगू नका, नर्सकडे घेऊन जा.