हेलसिंकी बघायचं तर मनोऱ्यावरूनच

'कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसलं की हेलसिंकी बघून झालं' हे फिनलंडच्या या राजधानीवरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. तिथून समोरचा चौक तेवढा दिसतो. ऑलिंपिक स्टेडियमच्या मनोऱ्यावर जा. समुद्र, बेटं, झाडीत लपलेली छपरं, सगळं दिसतं. मनोऱ्याची उंची ७२.७१ मीटर. आकडा उगाच नाही: १९३२ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्याच मात्ती यार्विनेनने भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं, ती फेक नेमकी तेवढीच.

चर्चेत चेक धावपटू झाटोपेकचं कौतुक झालं, ते एकदम मान्य. १९५२ला इथल्याच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि वर मॅरेथॉनही, म्हणजे कहरच! पण गोळेश्वरचे खाशाबा जाधव कसे राहिले चर्चेतून? त्यांचं कुस्तीतलं कांस्य याच ऑलिंपिकमधलं. कुस्त्या झाल्या स्टेडियमजवळच्या मेस्सुहल्ली या प्रदर्शन सभागृहात. ती इमारत अजून आहे, फक्त नाव बदलून किसाहल्ली झालंय.