नव्या गावक्लबाने आधी असोसिएशनकडे जावे की शेजारच्या गावांची लीग खेळवावी? (डिचोली तालुका) – सल्ला हवा

संध्याकाळचा_खेळाडू
नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यात आमच्या गावात गेली सहा-सात वर्षे रोज संध्याकाळी फुटबॉल खेळला जातो. सध्या बावीस मुले आहेत. त्यांतली निम्मी औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जातात आणि चौघे मोपाच्या विमानतळावर कामाला आहेत. आजवर आम्ही फक्त आसपासच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांत उतरत आलो. गेल्या हंगामात चार स्पर्धांची प्रवेश फी भरली आणि एकूण पाच सामने खेळलो, कारण तीन ठिकाणी पहिल्याच सामन्यात घरी परतावे लागले. एवढ्यासाठी वर्षभर सराव करायचा का, असे मुले विचारू लागली आहेत.

यंदा मंडळात दोन मते आहेत. काहींना क्लब रीतसर नोंदवून असोसिएशनच्या सर्वांत खालच्या विभागात प्रवेश घ्यावासा वाटतो, तर काहींचे म्हणणे असे की शेजारच्या सात गावांना बरोबर घेऊन स्वतःची लीग खेळवावी. ज्यांनी यातले काही केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उजवा_बॅक_पेडणे
माझ्या मते सरळ नोंदणी करावी. गोवा फुटबॉल असोसिएशनच्या रचनेत वर प्रो लीग आणि तिच्याखाली उतरत्या क्रमाने विभाग आहेत, त्यामुळे नव्या क्लबाला कधी ना कधी तळापासून चढावेच लागते. दुसरे कारण मुलांचे आहे. संलग्न क्लबाच्या खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या संगणकीय प्रणालीत होते आणि तो कोणत्या मोसमात कुठे खेळला हे तिथे राहते. तुमच्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने गावच्या स्पर्धेत दहा गोल केले, तरी त्याची नोंद बक्षिसाच्या ढालीपलीकडे कुठेच उरत नाही.

माजी_चिटणीस_फोंडा
उजवा बॅक म्हणतात ते खरे आहे, तरीही एक मोसम थांबावे असे मी सुचवेन. मी एका गावक्लबाचा नऊ वर्षे मानद चिटणीस होतो. या काळात जे सामने मनाला लागले ते आम्ही मैदानावर हरलोच नव्हतो.

पहिला कागदी फॉर्मच्या काळातला. आमच्या एका फॉरवर्डने बुटांच्या जोडीच्या बदल्यात दुसऱ्या गावच्या क्लबाच्या फॉर्मवर आधीच सही केली होती आणि ते त्याने आम्हाला सांगितले नव्हते. आम्ही 2-0 असे जिंकलो, त्याच रात्री प्रोटेस्ट, म्हणजे समोरच्या संघाची लेखी तक्रार, दाखल झाला आणि गुण गेले. आता प्रणालीच असा घोळ अडवते. मात्र आधीच्या क्लबातून ट्रान्सफर वेळेत झाली नाही, तर तो मुलगा साध्या बाकावरही बसू शकत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येकाला आजच विचारा की यापूर्वी कुठे सही केली आहे का, आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकल्यावर त्याच्या वडिलांनाही विचारा.

दुसरा सामना चवथीच्या आठवड्यातला. सात खेळाडूंशिवाय सामना सुरू होत नाही, हा नियम आम्हाला पाठ होता. पण त्या दिवशी सातवा खेळाडू साखळीहून येणाऱ्या बसमध्ये होता. सहा जण जर्सी घालून रेषेवर उभे, रेफ्री मनगटावरच्या घड्याळाकडे पाहताहेत आणि आमचा गोली रस्त्याकडे, असे ते दृश्य होते. बस आली तेव्हा वॉकओव्हर लिहून झाला होता. तुमची निम्मी मुले शिफ्टला असतील, तर बावीसचा आकडा फसवा आहे. रविवारी दुपारी चार वाजता त्यांतले किती मिळतात ते लिहून ठेवा.

राहिले कागद. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. घटना आणि नियमावली जिल्हा निबंधकांच्या कार्यालयात द्यावी लागते, मग पॅन आणि दोन सह्यांचे बँक खाते. हे महिन्या-दोन महिन्यांचे काम आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. अवघड ते नंतरचे असते. वार्षिक सभा झाली की चौदा दिवसांच्या आत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते आणि नेमक्या त्याच वेळी जुना खजिनदार वही घेऊन मुंबईला मुलाकडे गेलेला असतो.

संध्याकाळचा_खेळाडू
मनःपूर्वक आभार. शिफ्टचा हिशेब काढला, तेव्हा रविवारी चार वाजता खात्रीने येणारे तेराच निघाले. आमचे दोन प्रश्न उरतात. एक, मुलांना प्रवासाचे पैसे दिले तर ती हौशी राहतात का? दोन, मैदान एका कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जागेत आहे आणि तोंडी परवानगीवर खेळ चालतो. तेवढे पुरेल का?

माजी_चिटणीस_फोंडा
प्रवास, बूट, सामन्याच्या दिवशीचे जेवण असा प्रत्यक्ष खर्च दिल्याने कोणी व्यावसायिक होत नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे क्लबाशी लेखी करार आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला या दोन्ही गोष्टी असतील तेव्हाच खेळाडू व्यावसायिक ठरतो. तेव्हा उत्साहाच्या भरात स्टॅम्प पेपरवर ‘दरमहा मानधन’ असे काही लिहून देऊ नका. व्यावसायिक म्हणून नोंद झालेल्या खेळाडूला पुन्हा हौशी व्हायचे असेल, तर शेवटच्या व्यावसायिक सामन्यानंतर किमान 30 दिवस जावे लागतात. शिवाय गावात एकाला मानधन दिले की उरलेले एकवीस काय विचारतील ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मैदानाबाबत मात्र तोंडी शब्दावर मुळीच विसंबू नका. कार्यकारी समिती बदलली की शब्दही बदलतो. कोमुनिदादकडून लेखी ना हरकत पत्र घ्या, त्यात वार आणि वेळा स्पष्ट लिहून घ्या आणि त्याची एक प्रत पंचायतीत द्या.

शिट्टीवाला
रेफ्री म्हणून थोडे लिहितो. आठ गावांची लीग ऐकायला लहान वाटते, पण एकेरी साखळीत (प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा) तिचे 28 सामने होतात आणि दुहेरी केल्यास 56. डिसेंबरात सूर्य सहा वाजण्याच्या सुमारास मावळतो. दोन सत्रे, मध्यंतर आणि वाया गेलेली मिनिटे धरून पावणेदोन तासांहून अधिक वेळ जात असल्याने दुपारी चारनंतर सुरू केलेला सामना अंधारात सापडतो. एकाच मैदानावर शनिवार-रविवारी एकेक सामना धरला तर चौदा आठवडे लागतील. सकाळी साडेसातलाही एकेक ठेवला तर सात आठवड्यांत आटोपते. भाताची कापणी झाल्यावर नोव्हेंबरच्या मध्यास सुरुवात करा, म्हणजे जत्रांचे एक-दोन रविवार गेले तरी परीक्षा आणि शिगमा यांच्या आधी तुम्ही मोकळे व्हाल. लैराईच्या जत्रेपर्यंत मोसम लांबवण्याचा विचारही करू नका. तुमच्या भागातले अर्धे खेळाडू तेव्हा धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, असतात.

नियम मात्र पहिल्या सामन्याआधी लिहून आठही गावांच्या सह्या घ्या. गुण समान झाल्यास आधी गोलफरक पाहायचा की आपसांतला निकाल, वॉकओव्हर 3-0 धरायचा का, लाल कार्डानंतर किती सामने बंदी आणि तक्रार किती तासांत करायची, हे त्यात हवेच. शिस्त समितीत ज्या दोन गावांचा वाद आहे त्यांचा माणूस बसता कामा नये. हे सुचायला सोपे असले तरी दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी याच्या उलट पाहिले आहे. पंच बाहेरून आणा, त्यांचे मानधन आठ गावांकडून सुरुवातीलाच जमा करा आणि ते सामन्यानंतर लगेच द्या. स्थानिक माणसाच्या हाती शिट्टी दिली तर त्याला त्याच गावात पुढे राहायचे असते.

उजवा_बॅक_पेडणे
मी माझे मत थोडे बदलतो. लीग आधी खेळवा, पण संस्थेची नोंदणी त्याच वर्षी करून घ्या, म्हणजे पुढच्या मोसमात असोसिएशनकडे जाताना कागद तयार असतील. आणखी एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. प्रत्येक सामन्याच्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्राला आधी कळवा आणि 108 ची गाडी मैदानापर्यंत पोहोचेल असा रस्ता मोकळा ठेवा. आमच्याकडे गोलामागच्या वाटेवर प्रेक्षकांच्या स्कूटरची रांग होती आणि घोटा मोडलेल्या मुलाला दारावर घालून न्यावे लागले.

संध्याकाळचा_खेळाडू
सर्वांचे आभार. येत्या रविवारी सातही गावांच्या प्रतिनिधींना आमच्या शाळेत बोलावले आहे. नियमावलीचा कच्चा मसुदा मी आधी इथेच टाकतो, शिट्टीवाल्यांनी तो एकदा नजरेखालून घालावा ही विनंती.

शिट्टीवाला
अवश्य टाका. समान गुणांचे कलम मात्र तुम्ही स्वतः लिहू नका, सातही गावांसमोर बसून लिहा.