रीलवर हात जोडले म्हणजे खटला जिंकला का?

गोदाकाठ: सोसायटीच्या ग्रुपवर काल एकाची पोस्ट: ‘कोर्ट वीस वर्षं लावतं, आपल्या पोलिसांनी वीस मिनिटांत न्याय केला.’ खाली टाळ्याच टाळ्या. कसला न्याय? ऑक्टोबर 2025 पासून पोलीस धरलेल्यांना कॅमेऱ्यासमोर हात जोडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणायला लावतायत आणि आपण मिसळ खाता खाता त्या रील फॉरवर्ड करतोय. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून साक्ष्य अधिनियमात कलम 23 आहे. पण खरी गोची ओळखपरेडची, म्हणजे साक्षीदाराने अनेकांतून आरोपी ओळखून दाखवायचा त्याची. आरोपीला बुरखा घालून नेतात तो काय त्याची लाज राखायला? साक्षीदाराने चेहरा आधीच पाहिला असेल, तर नाशिकरोड कारागृहात तहसीलदारासमोर घेतलेल्या परेडला काय किंमत? बचावाच्या वकिलाला एकच प्रश्न पुरे: ‘मोबाईल वापरता ना?’

सातपूरकर: गंगापूर रोडच्या सुखवस्तू वस्तीत राहता वाटतं. आमच्याकडे टपरीवाले हप्ता कोणाला देतात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, साक्षीला मात्र कुत्रं फिरकत नव्हतं. माझ्या चुलतभावावर कोयत्याने वार झाला. कोर्टात खेटे घालून चपला झिजल्या आणि डोळ्यांदेखत पाहणारे दोघेही फितूर. त्या टोळीतला ‘भाई’ हात जोडताना दिसला तेव्हा गल्ली पहिल्यांदा त्याला हसली. तुमचं कलम 23 तुमच्याकडेच ठेवा.

वकीलकाकू: हसा. मालेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे ना? 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बारात, कब्रस्तानापाशी स्फोट. एटीएसने नऊ जण धरले, कबुलीजबाबही झाले. (मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात ते चालतात, गोदाकाठ, तेव्हा कलम 23 सगळीकडे फिरवू नका.) 2016 मध्ये कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं. त्यातला एक तो दिवस बघायला जिवंतच नव्हता. 2008 च्या स्फोटाचा निकाल 31 जुलै 2025 ला लागला, सातही जण निर्दोष. तपास करणाऱ्यांना कोणी जाब विचारला?

माजी जमादार: आलं मालेगाव! खात्यात उभी हयात गेली माझी. एकेका आयओकडे (तपास अधिकाऱ्याकडे) किती गुन्हे असतात ते बघा. वर सभा, मोर्चे, सण, आता 2027 चा कुंभ. तपास काय रात्री झोपेत करायचा? आणि लोकही कमी नाहीत. मोबाईल हरवतात आणि चोरी लिहा म्हणतात.

देवळालीची लेक: हरवतात?? सीबीएस बसस्थानकावर बसमध्ये चढताना माझ्या पर्समधून फोन काढला, मी त्याचा हात धरला, तो झटकून पळाला. ठाण्यात म्हणे, ‘ताई, गहाळ लिहा, कशाला कोर्टाचं लचांड.’ मी अडून बसले तर ‘ही आमची हद्द नाही.’ दुसरीकडे गेले तर त्यांचीही नाही. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो तो झिरो एफआयआर, हे मी त्यांना सांगायचं का?

सिडकोचा पक्या: माझी स्प्लेंडर दारातून गेली. ‘दोन दिवस तुम्हीच शोधा, मित्राने नेली असेल.’ असले मित्र देव कोणाला न देवो.

वकीलकाकू: चोरीसारखा दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर नोंदवायलाच हवा, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच ललिता कुमारी निकालात सांगितलंय. गहाळ लिहिलं की गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही, तपासही नको. बालेकिल्ला आपोआप तयार!

माजी जमादार: काकू, व्यवहाराचं बोला. गहाळ लिहूनही सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर टाकला की फोन सापडतो आणि हातात मिळतो. चोरी लिहिली तर तो मुद्देमाल. सोडवायला कोर्टात अर्ज, वकील, तारीख. लोकांच्या सोयीचंच बघतो आम्ही.

देवळालीची लेक: वा, फोन परत आणि चोर मोकळा. उद्या तो पुन्हा सीबीएसलाच उभा. तुमच्या सोयीला लोकांची सोय म्हणू नका.

माजी जमादार: आवाज चढवू नका. रात्री दोनला 112 फिरवला की आमचीच पोरं धावतात.

सातपूरकर: जमादारसाहेब, ताईंचं खरं आहे. भावाच्या प्रकरणात आधी त्याच टोळीने नुसती मारहाण केली होती, तेव्हा एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घरी पाठवलं. तेव्हाच धरलं असतं तर कोयता निघाला नसता. एवढं मान्य. पण रील बंद करा, हे मी म्हणणार नाही.

गोदाकाठ: बंद नका करू. निदान चेहरा तरी झाका, खटल्यासाठी.

सातपूरकर: चेहरा झाकल्यावर गल्लीने हसायचं कोणाला, पोलिसांना?