आर्डुइनो उनोवर थ्रॉटलचा दांडा बनवतोय, कॉम्प्युटर ओळखतच नाहीये (ट्रेन सिम)

मीटरगेज_इंदूर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

मी इंदूरला रामबागेत राहतो. ओपन रेल्स हा ट्रेन चालवायचा गेम खेळतो, फुकट आहे आणि 2001 च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे जुने रूट, जुनी इंजिनं त्यात चालतात म्हणून. डिझेलच आवडतं, डब्ल्यूडीएम-3ए वगैरे. आत्तापर्यंत कीबोर्डवरच चालवत होतो, डी दाबला की थ्रॉटलचा नॉच (इंजिनाच्या जोराची पायरी) वर, ए दाबला की खाली. पण गेल्या पावसाळ्यात पातालपानी ते कालाकुंड हेरिटेज गाडीने गेलो, इंजिनाच्या मागच्याच डब्यात जागा मिळाली, आणि नॉच बदलला की आवाज कसा बदलतो ते तासभर ऐकत बसलो. घरी आल्यावर कीबोर्ड बघवेना.

तर ठरवलं की आपणच दांडा बनवायचा. जेल रोडवरून आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेतला (ओरिजिनल नाही, कॉपीवाला), आमच्या गल्लीतल्या अँप्लिफायर रिपेअरवाल्याने दोन जुने पॉट (आवाज कमी-जास्त करायला फिरवतात ते पोटेन्शिओमीटर) फुकट दिले, आणि अटालेवाल्याकडून (भंगारवाल्याकडून) एक लोखंडी दांडा आणला जो बहुतेक कुठल्यातरी खुर्चीचा आहे. दांडा पॉटला जोडला, पॉट उनोला. आता अडचणी अशा आहेत

एक तर कॉम्प्युटरला नुसता कॉम पोर्ट दिसतो, जॉयस्टिक म्हणून काही येतच नाही, जॉयस्टिकची लायब्ररी कोडमध्ये टाकली तर कंपाइलच होत नाही. दुसरं म्हणजे दांडा अर्ध्यापर्यंत नेला तरी उनो पॉटचा जो आकडा वाचतो (0 ते 1023) तो 120-130 च्या पुढे जात नाही आणि मग शेवटच्या थोड्याशा भागात एकदम 1023. आणि दांडा एका जागी धरून ठेवला तरी आकडा नाचतो, 405, 419, 412 असं. शिवाय हाताला नॉच कळत नाही, लोण्यात सुरी फिरवल्यासारखं वाटतं. आई म्हणते खुर्चीचा दांडा खुर्चीला परत लाव.

कोणी केलंय का हे?

सोल्डर_आणि_सेव

भिया, अँप्लिफायरवाल्याने दिलेत म्हटल्याबरोबर कळलं. पॉटच्या पाठीवर बघ, ए10के लिहिलंय का? ए म्हणजे लॉग, आवाजासाठी असतात, कानाला आवाज सारखा वाढल्यासारखा वाटावा म्हणून ते मुद्दाम सुरुवातीला हळू आणि शेवटी भसकन वाढतात. आपल्याला बी10के पायजे, लिनियर. तो मध्यावर ठेवलास की 512 च्या आसपास येईल. जेल रोडवर माग, मिळतो, फक्त बी वाचून घे, दुकानदार "सब एक ही है" म्हणेल, ऐकू नकोस.

आता उनो. त्यात मेन चिप आहे एटीमेगा328पी, तिला स्वतःचं यूएसबी नाही, शेजारची दुसरी चिप फक्त सीरियलचं भाषांतर करते. म्हणून कॉम पोर्टच दिसणार. ओरिजिनल बोर्डावर ती दुसरी चिप एटीमेगा16यू2 असते, तिच्यात नवं फर्मवेअर घालून काहीतरी करता येतं, पण कॉपीवाल्यावर बहुतेक सीएच340 असते, तिचं काही होत नाही. सरळ लिओनार्डो नाहीतर प्रो मायक्रो घे, दोन्हीत एटीमेगा32यू4, ती स्वतःच कीबोर्ड किंवा जॉयस्टिक बनते. त्याच कोडमध्ये लायब्ररी कंपाइल पण होईल.

आकडा नाचतोय त्याला पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला एक 104 लिहिलेला छोटा कपॅसिटर लाव, वायर लांब असेल तर कमी कर, आणि कोडमध्ये आठ-दहा वेळा वाचून सरासरी घे. तरी दोन-तीनने हलेल. हलू दे. नॉचसाठी तेवढं चालतं.

बडोदेकर_बीआरसी

सोल्डरभाऊंचं सगळं बरोबर पण पोराला लगेच नवीन बोर्ड घ्यायला लावू नका हो. उनो फेकायची गरज नाही. उनोने फक्त आकडे सीरियलवर पाठवायचे आणि कॉम्प्युटरवर पायथनची छोटी स्क्रिप्ट ते वाचून की दाबेल. मी असंच केलंय, दोन वर्षं झाली. एक मात्र लक्षात ठेव, काही गेम साधी पाठवलेली की ओळखतच नाहीत, स्कॅनकोड (कीचा हार्डवेअरमधला नंबर) पाठवावा लागतो, यात माझे दोन रविवार गेले. आणि की दाबून लगेच सोडली तर गेमला कळतच नाही, साधारण 50-60 मिलिसेकंद दाबून ठेवायची.

पुढेमागे ट्रेन सिम्युलेटर क्लासिक या दुसऱ्या गेमवर गेलास तर उनो आणखी उपयोगी पडतो. त्या गेमच्या प्लगिन फोल्डरमध्ये रेलड्रायव्हरची डीएलएल (गेमशी बोलायची फाइल) असते, बाजारात मिळणाऱ्या रेलड्रायव्हर या तयार दांड्यांच्या कन्सोलसाठी ठेवलेली. तिच्यातून स्क्रिप्ट थेट कंट्रोलची किंमत वाचू शकते आणि लिहू शकते, म्हणजे की दाबायची भानगडच नाही, दांडा जिथे तिथेच गेममधला थ्रॉटल. फक्त 32 बिट पायथन असेल तर 32 ची डीएलएल आणि 64 असेल तर 64 ची, नाहीतर असला विचित्र एरर येतो की माणूस वायरिंग तपासत बसतो.

सोल्डर_आणि_सेव

बडोदेकर, दर वेळी स्क्रिप्ट चालू करायची, कॉम पोर्टचा नंबर बदलला की परत शोधायचं, आणि विंडोज अपडेट झालं की देवाचं नाव घ्यायचं. मला नाही जमत. वायर खुपसली की चाललं पायजे.

बडोदेकर_बीआरसी

तुम्हाला आळस आहे आणि मला बोर्ड घ्यायला बायको पैसे देत नाही, एवढाच फरक 😄

लोहामंडीवाला

हे दोघं चिपवर भांडू देत. तुझी खरी अडचण शेवटची आहे, हाताला नॉच न कळणं. कोड कोणीही लिहून देईल, खटका कोणी देत नाही. मी तीन दांडे बनवले आणि पहिले दोन फक्त या कारणाने गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

अल्कोच्या डिझेल इंजिनात (तुझं डब्ल्यूडीएम-3ए त्यातलंच) आयडल आणि वर 8 नॉच, म्हणजे नऊ खाचा. दांड्याचा एकूण फिराव 60 अंश ठेव, त्याहून जास्त ठेवलास तर टेबलावर कोपर आपटतं. 60 भागिले 8, म्हणजे खाचेमधलं अंतर साडेसात अंश. आता 12 मिलिमीटरच्या प्लायवूडची पाव गोल चकती काप, मध्यापासून 6 सेंटीमीटरवर कड येईल अशी. त्या कडेवर साडेसात अंश म्हणजे साधारण 8 मिलिमीटर. कडेवर गोल कानशीने नऊ खाचा पाड, खोल नको, दीड-दोन मिलिमीटर बास. पहिल्या वेळी मी खोल पाडल्या तर दांडा असा अडकायचा की टेबल सरकायचं.

खाचेत बसायला सायकलच्या मागच्या हबचा छर्रा घे, तो पाव इंची असतो, पुढच्या हबचा लहान पडतो. कुठल्याही सायकलवाल्याकडे चहाच्या पैशात मूठभर मिळतील. छर्रा पितळेच्या नळीच्या तुकड्यात बसव, मागे स्प्रिंग. बॉलपेनची स्प्रिंग लावू नकोस, मरतुकडी असते, दोन दिवसांत खटका नुसता गुदगुल्या केल्यासारखा होतो. मी जुन्या गॅस लायटरची लावलीय, एकदम खणखणीत. नळीच्या मागे स्क्रू ठेव म्हणजे ताण कमी-जास्त करता येतो. खाचांना मेण घास. ग्रीस लावू नको, प्लाय पितो आणि फुगतो.

आणि सगळ्यात मोठी चूक जी तू आत्ता करतोयस, दांड्याचं वजन पॉटच्या दांडीवर टाकू नकोस. सहा महिन्यांत पॉट ढिला होतो. दांडा 608 बेअरिंगवर बसव, स्केटिंगच्या चाकात असतं ते, आतलं भोक 8 मिलिमीटर, आणि पॉट नुसता टोकाला बघ्यासारखा जोड. मधे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा कपलिंग म्हणून, म्हणजे थोडं वाकडं बसलं तरी चालतं.

हिशोब पण करून ठेवतो. पॉट साधारण 300 अंश फिरतो आणि त्यात 1023 आकडे, म्हणजे तुझ्या 60 अंशात 205 च येणार, नॉचमागे पंचवीस. आकडा दोन-तीनने नाचला तरी काही बिघडत नाही. फक्त दोन खाचांच्या बरोबर मधल्या आकड्यावर नॉच बदलू नको, मध्य ओलांडून चार-पाच पुढे गेला की मगच बदल, परत येताना पण तसंच, नाहीतर सीमेवर थांबला की चार-पाच-चार-पाच करत बसतो.

घाटवाल्याचा_मुलगा

माझे बाबा रिटायर्ड लोको पायलट, रतलाम डिव्हिजन. त्यांना हा धागा वाचून दाखवला तर आधी हसले आणि मग स्वतःच खुर्ची ओढून बसले, म्हणून ते बोलले तसं टाइप करतोय.

म्हणतात थ्रॉटल ठीक आहे पण ब्रेकचं कोणी बोलतच नाहीये. ए-9 ला, म्हणजे पूर्ण गाडीच्या ब्रेकच्या हँडलला, लोकं मोटारीच्या ब्रेकसारखं समजतात. ब्रेक पाइपमध्ये 5 किलो प्रेशर, हँडल पहिल्या जागी आणलं की अर्धा किलो उतरतं, साडेचार होतं, आणि तिथेच थांबतं, हँडल जिथे प्रेशर तिथे. आणखी ओढलं की साडेतीन, फुल सर्विस. त्यामुळे पॉट लावला तर ए-9 ला शोभतो, कारण जागा म्हणजेच प्रेशर. पण रिलीजला टाइम लागतो, हँडल सोडलं म्हणून शेवटच्या डब्याचा ब्रेक लगेच सुटत नाही, नवीन पोरं तिथेच फसतात, सोडतात, परत लावतात, परत सोडतात.

आणि दोन्ही हँडलच्या मुठी वेगळ्या ठेवा असं म्हणाले. नजर पुढे सिग्नलवर असते, हाताला न बघता कळलं पायजे की हा थ्रॉटल आणि हा ब्रेक. एक गोल लाकडी, एक चपटी. थ्रॉटलसुद्धा एक ते आठ खटाखट नेऊ नका, ॲमीटरचा (करंट दाखवणारा) काटा खाली येऊ द्या, मग पुढचा नॉच. पातालपानीचा घाट 40 ला 1 आहे, ओल्या रुळावर घाई केली की चाकं जागच्या जागी फिरतात.

मग अर्धा तास तुकोजीराव होळकरांनी 1870 साली रेल्वेसाठी इंग्रजांना 1 कोटी कर्ज दिलं त्यावर बोलले, ते मी टाइप करत नाही.

मीटरगेज_इंदूर

काकांना नमस्कार सांगा!! आणि लोहामंडीवाला दादा तुम्हाला साष्टांग.

अपडेट देतो, तीन आठवडे गेले. पॉट खरंच ए10के निघाले, बी घेतले. शेवटी प्रो मायक्रो पण घेतला (बडोदेकर रागावू नका, उनो हॉर्न आणि हेडलाइटच्या स्विचांसाठी ठेवलाय). चकती कापली, दोन वाया गेल्या, तिसरी जमली. छर्रा खाचेत पडतो तो आवाज इतका भारी आहे की गेम बंद असताना पण मी दांडा हलवत बसतो.

पण एक घोळ झाला. कोडमध्ये की सोडायची ओळ विसरलो, बोर्ड लावला आणि तो ए ए ए ए दाबत सुटला. त्या वेळी ऑफिसच्या ग्रुपची खिडकी उघडी होती. साहेबांना दीड पान ए गेले. आणि नवीन कोड टाकावा तर कोडच्या खिडकीत पण ए ए ए ए.

आणि दुसरं, थोडा वेळ खेळलं की दांडा चारवर आणि गेममध्ये नॉच तीन. मधेच कुठेतरी एक की खाल्ली जाते.

सोल्डर_आणि_सेव

हाहाहा दीड पान. हे सगळ्यांचं होतं, फक्त कोणी सांगत नाही. एक साधा खटक्याचा स्विच लाव एका पिनपासून ग्राउंडला, इनपुट पुलअप ठेव, आणि स्विच ऑन असेल तरच की पाठव. आधी स्विच बंद, मग यूएसबी.

नॉच चुकतो त्याला उपाय असा की दांडा आयडलला आला की ए एकदा नाही, दहा वेळा पाठव. शून्याच्या खाली गेम जात नाही, म्हणून जास्तीचे ए वाया जातात आणि दोघं परत एका जागेवर येतात. दर स्टेशनला आपोआप जुळतं. डब्ल्यूएपी-7 सारख्या इलेक्ट्रिक इंजिनाला हे करू नकोस मात्र, त्यात ओढायचा आणि ब्रेकिंगचा दांडा एकच, शून्याखाली गेलास की ब्रेक लागायला सुरुवात.

ब्रेकला ही ट्रिक नीट चालत नाही कारण तिथे की दाबून धरावी लागते, किती वेळ धरली त्यावर प्रेशर. मी सरळ मधे परत येणारा दांडा केलाय, पुढे ढकलला की लागतो, मागे ओढला की सुटतो, सोडला की मधे.

घाटवाल्याचा_मुलगा

बाबा म्हणतात तो ए-9 नाही, तो हापसा आहे.

मीटरगेज_इंदूर

😂 काकांना सांगा सध्या हापसाच बसवतोय, ए-9 नंतर करीन. आणि हो, साठ सेकंदवाल्या व्हीसीडीसाठी (ड्रायव्हर जागा आहे ना ते तपासणारं यंत्र) आईच्या शिवणयंत्राच्या मोटारीचं पेडल मिळेल का बघतोय, पायाने झेड दाबायला.

लोहामंडीवाला

ते पेडल 230 व्होल्टचं असतं. मोटारीपासून पूर्ण सोडवून, आतलं सगळं काढून नुसता डबा वापर आणि आत मायक्रोस्विच बसव. आणि आईला विचारून.

मीटरगेज_इंदूर

विचारलं. नाही म्हणाली. हार्मोनियमच्या दुकानात जुनं पायपेटीचं पेडल बघितलंय, उद्या जाऊन येतो.