दादर टीटीची ट्राम : तुमच्या घरातल्या आठवणी सांगा

आजही बसमध्ये आपण 'टीटी' म्हणूनच तिकीट मागतो. खोदादाद सर्कलच्या या नाक्याला ट्राम टर्मिनसमुळे ते नाव पडलं. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ला. प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीत राहायला आलेल्या नोकरदारांना फोर्टातलं ऑफिस आवाक्यात आलं, त्यात ट्रामचा मोठा वाटा होता. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली. ती पाहिलेली मुलं आज पासष्टीपुढे आहेत. म्हणून हा धागा. ऐकीव असेल तरी लिहा, फक्त कोणाकडून ऐकलं ते सांगा.

हिंदू कॉलनी, पहिली गल्ली
सोडावॉटरच्या बाटलीचं पत्र्याचं बूच रुळावर ठेवायचं आणि फुटपाथवर दबा धरून बसायचं. ट्राम गेली की बूच चपटं, कडा धारदार, हाताला चटका बसेल इतकं गरम. खिळ्याने मधोमध दोन भोकं पाडून दोरा ओवला की झाली भिरभिरी! ज्याची जास्त घुमेल तो त्या दिवशीचा राजा. ड्रायव्हरला आम्ही दिसलो की तो पायाखालची घंटा ठणाठणा बडवायचा, पण गाडीतून उतरून कधी कोणाला मारलं नाही. दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळावी म्हणून आम्ही एखादी गाडी सोडूनही द्यायचो. हिंदमातापाशी पावसात पाणी भरलं की ट्रामची रांग लागायची, आणि शाळेला आपोआप दांडी.

लालबाग
आमचे वडील गिरणीत. पाळी सुटली की भोंग्याबरोबर ट्रामवर माणसांचे घोस लटकायचे. वडील मात्र येताना चालत यायचे. वाचलेल्या पैशांत आमच्यासाठी चणे-कुरमुरे आणायचे. त्यामुळे ट्रामची म्हणाल तर माझी आठवण चण्यांचीच.

डोंबिवली (माहेर परळ-भोईवाडा)
माझे वडील ट्रामवर कंडक्टर होते. चामड्याची पिशवी, खाकी कपडे. पिशवीच्या पट्ट्याने खांद्यावर कायमचा वळ पडलेला. आई रात्री त्यावर खोबरेल चोळायची. शेवटच्या रात्री त्यांची ड्यूटी नव्हती, तरी ते गणवेश घालून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मला खांद्यावर घेतलं होतं. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, गॅलऱ्या भरलेल्या, ट्राम मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. पुढे वडिलांना बसवर घेतलं. पगार सुटला नाही, पण 'बसला हिसके फार' हे ते निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले.

पुणे
आम्ही १९६४नंतरचे, आम्हाला टीटी म्हणजे पुण्याची एसटी पकडायची जागा. आजी मात्र सांगायची, केईएम हॉस्पिटलमध्ये आजोबा होते तेव्हा ती डबा घेऊन ट्रामने परळला जायची. कंडक्टर तिला डबा मांडीवर घेऊन बसता यावं म्हणून कडेची जागा करून द्यायचा.

धागाकर्ता
भोईवाड्याच्या ताई, वडिलांचा गणवेशातला फोटो असेल तर नक्की टाका. आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे ट्रामच्या प्रतिकृती आहेत, पण माणसांच्या या गोष्टी तिथे कुठून मिळणार? पारशी कॉलनीतून अजून कोणीच लिहिलेलं नाही. ओळखीचं कोणी असेल तर त्यांच्यापर्यंत हा धागा पोचवा.